तबूनजी बेकरीची माफी

सल्त गावात तबूनजी बेकरीची शाखा निघाली तेव्हा लोकांनी ती स्वतःच्या कर्तबगारीत मोजली. अम्मानच्या श्रीमंत वस्तीत जी बेकरी, इर्बिदच्या विद्यापीठासमोर जी बेकरी, तीच आता आपल्या उताराच्या रस्त्यावर. पिवळ्या दगडाच्या जुन्या इमारतीत काचेचं दार बसलं, आत गारवा आला, आणि पाव घ्यायला लोक इस्त्रीचे कपडे घालून जाऊ लागले.

मिस हैफा मात्र घरच्याच कपड्यांत जायची. मुलींच्या सरकारी शाळेत तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर एकटी राहायची. खाली थोरला भाऊ गालेब आणि त्याची बायको उम्म रकान. हैफाचं लग्न झालेलं नव्हतं. गावातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे अजूनही ती समोरून आली की कितीतरी पोक्त बायका पाठीचा कणा ताठ करायच्या.

ईदला तिच्याकडे जुन्या विद्यार्थिनी यायच्या. आई होती तोवर मामूल घरी होत. आई गेल्यावर रव्याच्या त्या सारण भरलेल्या वड्या साच्यात दाबत बसायचा तिला कंटाळा होता, आणि तो ती लपवत नसे. तबूनजीतून तिनं पिस्त्याच्या मामूलाची मोठी पेटी आणली. ईदच्या दिवशी बैठक भरलेली असताना पेटी उघडली, तर आत खजुराचे.

विद्यार्थिनींनी ते खाल्ले. छान आहेत म्हणाल्या. विज्ञानाच्या बाईंसमोर त्या शाळेतही असंच खोटं बोलायच्या.

ईद ओसरल्यावर हैफा उरलेली पेटी घेऊन बेकरीत गेली. रांग दारापर्यंत होती. गल्ल्याशी स्वतः शाखेचा व्यवस्थापक उभा होता, उस्ताद नायेल. विधुर, दोन्ही मुली सासरी, स्वभावानं गरीब. सणाच्या गर्दीत इतकी जागरणं झाली होती की उभ्या उभ्या डोळे मिटत होते.

"पिस्त्याचे मागितले होते," हैफा म्हणाली. "हे खजुराचे निघाले."

नायेलनं पेटीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून, आपुलकीनं म्हणाला, "मिस, या वयात खजूरच बरा. पचायला हलका."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. हैफानं वळून पाहिलं. हसणारी तिचीच विद्यार्थिनी होती, नापास झालेली.

घरी येऊन हैफानं चष्मा लावला, फोन काढला आणि बेकरीच्या पानावर पाचपैकी एक तारा देऊन लिहिलं: "पिस्त्याचे मामूल मागितले, खजुराचे मिळाले. विचारायला गेले तर 'या वयात खजूरच बरा' असं उत्तर मिळालं. मी माझं वय सांगितलं नव्हतं."

लिहून ती झोपली. सकाळी उठून पाहते तो सगळ्या गावानं वाचलेलं. खाली शेकड्यानं मतं पडली होती. कुणी म्हणे बेकरीनं लाज सोडली, कुणी म्हणे खजूर खरंच हलका असतो, आणि मिस हैफांचं नेमकं वय काय यावर दोन तट पडले होते. एका तटानं पुरावा म्हणून शाळेच्या सहलीचा जुना फोटो टाकला होता.

दुपारी अम्मानहून फोन आला. आवाज एका गोड मुलीचा.

"तबूनजीच्या ग्राहक अनुभव विभागातून बोलतेय, मॅडम. आमच्याकडचा तुमचा अनुभव कसा होता?"

"लिहिलाय."

"हो मॅडम, वाचला. फार वाईट वाटलं. आम्ही तुम्हाला एक किलो मामूल भेट देऊ इच्छितो."

"कशाचे?"

"मिश्र, मॅडम."

हैफानं फोन ठेवला.

विभागानं मग नायेलला धरलं. हा मजकूर बदलून घे, नाहीतर तुझी बदली अकाबाला. नायेलचं सगळं आयुष्य सल्तच्या थंड हवेत गेलेलं. अकाबाचं ऊन नुसतं आठवूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मिस हैफांच्या दारात एकट्यानं उभं राहायची त्याची छाती होईना. तेव्हा त्यानं तेच केलं जे सल्तमधला माणूस अपराध झाला की करतो. जाहा न्यायची ठरवली. चार वजनदार माणसं पुढे घालायची, त्यांनी यजमानाची कॉफी समोर ठेवून म्हणायचं की मागणं मान्य होईतो पिणार नाही, आणि मग यजमानाला नाही म्हणणं जड जातं.

जाहा न्यायची तर हाज अबू शाहेरला पर्याय नव्हता. ऐंशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, तपकिरी झग्याचा हा म्हातारा जाहेच्या पुढे बोलायला उभा राहिला की खुनाचं वैरसुद्धा मिटतं, असा लौकिक. ऐकू थोडं कमी यायचं, पण बोलणाऱ्याला ऐकू कशाला यायला हवं. नायेलनं त्याला बेकरीतूनच फोन केला. मागे कणीक मळायचं यंत्र घरघरत होतं.

"हाज, मिस हैफांच्या घरी जाहा न्यायची आहे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हातारा म्हणाला. "किती दिवस एकटा राहणार! आता बोलू नकोस, पुढचं मी पाहतो."

नायेलला यातलं "पुढचं मी पाहतो" एवढंच ऐकू आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हे सगळं हैफाला फार पुढे कळलं. तोवर ध चा मा होऊन गेला होता.

गालेबला निरोप आला तोही हाजकडूनच: शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही येतोय, तुमच्या हैफाच्या कामानं, नायेलसाठी. असे निरोप सल्तमध्ये एवढेच असतात. जास्त बोलणं असभ्य. गालेबनं फोन ठेवला. मग त्यानं बैठकीतल्या गाद्यांच्या खोळी बदलायला काढल्या. उम्म रकान वर गेली.

"शुक्रवारी नायेल येतोय," ती म्हणाली. "माणसं घेऊन."

"कळलं मला. यायलाच पाहिजे होतं त्यानं," हैफा म्हणाली.

उम्म रकान चपापली. "म्हणजे तुला अपेक्षा होती?"

"गावभर झाल्यावर काय करेल बिचारा. माणूस तसा वाईट नाही."

"मग तू काय म्हणणार?"

"ऐकून घेईन. नीट बोलला तर ताणून धरणार नाही."

"अगं बाई!" उम्म रकान म्हणाली आणि तशीच जिना उतरली. खाली जाऊन नवऱ्याला म्हणाली, "ती तयारच आहे. आपल्यालाच पत्ता नव्हता. आणि आपण समजत होतो, ती रोज पावच आणायला जाते."

शुक्रवारी बैठकीत नायेल, हाज अबू शाहेर आणि आणखी तीन मिशाळ माणसं येऊन बसली. गालेबनं कोट घातला होता. बायका शेजारच्या खोलीत, दार किलकिलं. उम्म रकाननं दोन शेजारणींना बोलावलं होतं, आणि त्या का आल्यात हे हैफाला कळेना. माफी ऐकायला एवढ्या बायका कशाला?

कडू कॉफीचा पहिला पेला हाजसमोर गेला. त्यानं तो घेतला आणि न पिता पुढ्यात ठेवला.

"अबू रकान," हाजनं गालेबकडे वळून घसा साफ केला. "तुमच्या वडलांची आणि आमची मैत्री या डोंगरांनी पाहिलीय. तुमचं घर म्हणजे इभ्रतीचं घर. आज या उंबऱ्यावर आम्ही हात पसरून आलोय. आमचा नायेल, हातचा स्वच्छ, वाणीचा गोड..."

"वाणीचा," हैफा दाराआड पुटपुटली.

"...अल्लाहच्या आणि त्याच्या प्रेषिताच्या रीतीनं, तुमच्या घरच्या कन्येचा, मिस हैफाचा हात आम्ही आमच्या नायेलसाठी मागतो. होकार मिळेपर्यंत ही कॉफी गार होईल."

नायेलच्या चेहऱ्याचा कच्च्या कणकेसारखा रंग झाला. त्यानं हाजचा झगा मागून ओढला. हाजला वाटलं, नवरदेव घाबरलाय. त्यानं मागे हात नेऊन त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

आणि गालेब, जो वीजबिल भरायच्या आधी दोनदा विचार करायचा, तो ताडकन म्हणाला, "कॉफी घ्या, हाज. जे मागायला आलात ते दिलं."

हाजनं कॉफी एका घोटात संपवली. मिशाळ माणसांनी संपवली. उम्म रकाननं तोंडावर हात धरून जिभेची अशी लकेर मारली की शेजारच्या गच्चीवरून तिला उत्तर आलं, त्याच्या वरच्या गच्चीवरून आणखी एक, आणि बघता बघता तो आनंद डोंगर चढून वर गेला. हैफाचं लग्न ठरलं होतं.

हैफा उभी होती तिथेच उभी राहिली. तिला राग आला असं म्हणता येणार नाही. आधी तिला दुसरंच काही आठवलं. याच बैठकीत पूर्वी दोनदा जाहा आली होती. तेव्हा वडील होते, गालेब त्यांच्या उजव्या हाताला बसायचा. दोन्ही वेळा कॉफी गार झाली, माणसं उठून गेली, आणि कोण आलं होतं ते तिला भांडी विसळताना कळलं. तेव्हा नाही म्हणताना तिला कुणी विचारलं नव्हतं. आता हो म्हणतानाही नाही.

तिनं दार ढकललं आणि पुरुषांच्या बैठकीत गेली.

सगळे उठून उभे राहिले.

"बसा," हैफा म्हणाली. सगळे बसले. आवाज वर्गातलाच होता.

"उस्ताद नायेल, तुम्ही उभे राहा. काय मागायला आला होतात?"

नायेल उभा राहिला. "माफी, मिस," तो म्हणाला. "आणि तो... तारा."

"तारा कोण?" हाजनं विचारलं.

"एकच तारा आहे, हाज. अम्मानचे लोक म्हणतात, एकानं चालणार नाही, पाच पाहिजेत."

"पाच?" हाज गरजला. "अरे, शास्त्रात चारच्या वर नाहीत! आणि तारा होती मनात तर मला हैफाच्या दारात कशाला उभं केलंस?"

नायेलनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बेकरी, पेटी, खजूर, फोन, अकाबा. हाज ऐकत गेला आणि हळूहळू त्याच्या मिशा खाली आल्या. एवढ्या वर्षांत त्यानं जमिनी सोडवल्या होत्या, रक्ताची वैरं मिटवली होती. मामूलासाठी तो पहिल्यांदाच आला होता.

"गालेब," हैफा भावाकडे वळली, "तू मला विचारलंस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. उम्म रकान म्हणाली..."

"मला ठाऊक असणं आणि मला विचारणं, या दोन गोष्टी आहेत. घरातली जुनी खाट देतानासुद्धा तू चौघांना विचारतोस."

गालेबनं कोटाचं बटण काढलं, परत लावलं. लोकांसमोर बहीण असं बोलल्यावर काय करायचं असतं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"पोरी," हाज अबू शाहेर खोल आवाजात म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं. पण मी कॉफी प्यायलोय. माझी प्यायलेली कॉफी आजवर फुकट गेलेली नाही."

हैफाला म्हाताऱ्याचा मान ठेवावासा वाटला. एवढ्या गोंधळात खोटं न वागलेला तो एकटाच होता. त्याला जे कळलं होतं ते त्यानं उत्तम मागितलं होतं.

"फुकट जाणार नाही, हाज," ती म्हणाली. "माझा भाऊ काय म्हणाला? जे मागायला आलात ते दिलं. मग उस्ताद जे मागायला आलेत तेच देते. पण आधी एक. त्या दिवशी रांगेसमोर काय म्हणालात, ते या माणसांसमोर म्हणा."

"म्हणालो, या वयात खजूरच बरा."

"कुणाच्या वयात?"

"माझ्या," तो म्हणाला. "मला डॉक्टरांनी सांगितलंय, मिस. पिस्ते बंद. झोप नव्हती, समोर मीच दिसलो मला. तुम्हाला म्हणायचं नव्हतं. चुकलो."

हैफाला तो खरं बोलतोय हे कळलं. तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, सगळ्यांदेखत फोनवर लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: "व्यवस्थापक माणसं घेऊन घरी आले आणि माफी मागून गेले. माफी खरी होती. तीन तारे."

"तीनच का?" हाजनं विचारलं. आता तो या व्यवहारात शिरला होता. "पाच होतात म्हणे."

"पिस्त्याचे मामूल अजून मिळालेले नाहीत."

"आणलेत, मिस!" नायेलनं उडीच मारली. गाडीतून त्यानं रिबीन बांधलेली पेटी आणली आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांसमोर उघडली.

अक्रोडाचे निघाले.

हाजनं एक उचलून खाल्ला.

"तीनच राहू दे," तो म्हणाला.

पण डोंगरावर गेलेली ती लकेर परत कोण आणणार? दुसऱ्या दिवशी बेकरीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नायेलला मुबारक म्हणून जात होतं, आणि तो प्रत्येकाला तारे, माफी, अकाबा हे सगळं समजावत होता. रांग रस्त्यापर्यंत गेली. काहींनी खुलासा ऐकून घेतला आणि तरीही मुबारक म्हटलं. हैफाला रस्त्यात बायका थांबवायच्या. ती म्हणायची, "बेकरीशी झालंय, माणसाशी नाही," आणि पुढे जायची.

अम्मानहून त्या गोड मुलीचा परत फोन आला. "मॅडम, आमच्या माफीचा तुमचा अनुभव एक ते पाचमध्ये कसा होता?" हैफानं तिला तिचं नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, आणि मग फोन ठेवला. तबूनजीच्या वरिष्ठांना मात्र हा प्रकार फार पसंत पडला. त्यांनी सगळ्या शाखांना हुकूम काढला की नाराज ग्राहकाच्या घरी जाहा न्यावी. झरकाच्या व्यवस्थापकाला त्यापायी खरंच लग्न करावं लागलं, असं सल्तमध्ये सांगतात. खरं नसावं. हुकूम नंतर मागे घेतला गेला, एवढं खरं. नायेलची बदली टळली.

गालेब काही दिवस वर फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "हैफा, गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करून घेऊ का?"

"घे की."

"नाही, म्हटलं विचारावं."

नंतर तो असंच दाराचा रंग विचारायला आला, मांजराला खाली झोपू द्यावं का ते विचारायला आला. एकदा काहीच न विचारता बसून राहिला. हैफानं चहा दिला.

"तो दुसरा," गालेब म्हणाला, "इर्बिदचा. पाटबंधारे खात्यातला. तो तसा चांगला होता. वडील म्हणाले, भाड्याच्या घरात राहतो. मी पण हो हो केलं."

"नाव काय होतं त्याचं?"

गालेबनं पुष्कळ आठवून पाहिलं. त्याला आठवेना. हैफानं कधी ऐकलंच नव्हतं. दोघं बहीणभाऊ चहा संपेपर्यंत बसले, आणि मग गालेब कप स्वतः विसळून ठेवून खाली गेला. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. कप नीट निघालाही नव्हता.

हिवाळा आला. बेकरीच्या काचांवर वाफ धरू लागली. हैफा रोज जायची, कारण पाव चांगला होता. नायेल तिच्याशी आता दोन शब्द जास्त बोलायचा: मुलीला मुलगा झाला, गुडघे दुखतात, नव्या भट्टीत काकची, म्हणजे तिळाच्या गोल पावाची, एक बाजू करपते. ती त्याला उष्णता एका बाजूला का साठते ते सांगायची. एका सकाळी दुकानात कुणी नव्हतं. नायेलनं हात पुसले, गल्ल्यामागून बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"मिस हैफा, हे विचारायला मी कुणाला आणलेलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी हाज चुकून जे बोलले, ते घरी गेल्यावर माझ्या डोक्यातून गेलं नाही. तुमची इच्छा असेल तर..."

हैफानं त्याच्याकडे पाहिलं. मिशीवर पीठ होतं. तिनं खरंच विचार केला. वरचा मजला, सकाळचा रेडिओ, पाहिजे तेव्हा लागणारा आणि पाहिजे तेव्हा विझणारा दिवा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. नायेल घाई न करता उभा होता.

"नाही, उस्ताद," ती म्हणाली.

"बरं," नायेल म्हणाला. क्षणभर त्याला हातांचं काय करावं ते कळेना.

"पण विचारलंत, फार चांगलं केलंत. मनापासून सांगते."

"चालेल, मिस." तो गल्ल्यामागे गेला. "आणखी काही?"

"दोन काक. त्या भट्टीतले नकोत."

त्यानं दोन गरम काक कागदात गुंडाळून दिले, आणि मीठ-झातरची, वाळल्या पाल्याच्या त्या मसाल्याची, पुडी वेगळी. ती दगडी पायऱ्या चढून घरी आली. अंगणात गालेब द्राक्षाच्या वेलाची छाटणी करत होता.

"काय नवीन?" त्यानं विचारलं.

"नायेलनं मागणी घातली."

कात्री थांबली. "मग?"

"नाही म्हटलं."

तो खूप काही गिळत होता हे दिसत होतं. "तुझ्या मनासारखं झालं ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"झालं."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि छाटायला नको होती अशी एक फांदी छाटली.

वर येऊन हैफानं कागद उलगडला. खिडकीशी उभ्यानंच काकचा तुकडा मोडला, झातरमध्ये बुडवला, तोंडात टाकला, आणि या वेळचं नाही आपण स्वतः म्हटलं हे आठवून एकदम तिला हसू फुटलं. घास तोंडात असताना हसायला ती शाळेत कुणाला देत नसे. ती इतकी हसली की खालून उम्म रकाननं हाक मारली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," हैफानं खिडकीतून ओरडून सांगितलं. "वर ये लवकर. अजून गरम आहे."